‘ऐकत नाही’ म्हणण्याआधी

महाड, आषाढ

चि. धाकटीस,

पोलादपूरच्या शाळेत तुझं बस्तान बसलं, वाचून बरं वाटलं. दुसरीतल्या त्या मुलाबद्दलचा मजकूर मात्र दोनदा वाचला. हाक मारली तरी ढिम्म, सांगितलेलं काम अर्धवट, आणि घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतो, दोन द्या म्हणजे सुधारेल.’ तू हात उगारणार नाहीस हे मला ठाऊक आहे. ‘ऐकत नाही’ असा शिक्काही मारू नकोस. आवाज त्याच्या कानापर्यंत पोचतो का, आणि पोचला तर त्यावर त्याचं मन ठरतं का, हे दोन प्रश्न निराळे आहेत.

आधी कान बघ. लहान मुलांना सर्दी-पडसं झालं की कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. कान वाहत नाही, फारसा दुखतही नाही, पण आठवडेच्या आठवडे कमी ऐकू येतं. तेही रोज सारखं नाही. मग पोर आज हाकेला ओ देतं, उद्या देत नाही, आणि लोकांना ते सोंग वाटतं. कानात तेल किंवा काडी घालू नका, असं त्याच्या आईला बजाव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत ऐकण्यातले दोष आहेत, तसा एडीएचडीही, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकारही, आहे. पण पथकाची वाट बघत बसू नकोस. कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आणि पडद्याची तपासणी करून घ्यायला सांग. पुढे गरज पडली तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे; १९८३ पासून ती याच कामात आहे.

कान ठणठणीत निघाले, तर दुसरा प्रश्न. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांना ऐकू नीट येतं. कोणता आवाज धरायचा आणि कोणता सोडायचा, हे मात्र जड जातं. तुझ्या वर्गावर पत्रे आहेत. पावसाची सर आली की त्यांचा कडकडाट, शेजारी पाढे, बाहेर महामार्गावरचे ट्रक. शिकवताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं. पावसात निसटलेला शब्द बाकीची मुलं अंदाजाने भरून काढतात. याला ते साधत नाही.

आता तू काय सांगतेस ते बघ. ‘वह्या काढा, तारीख घाला, फळ्यावरची तीन गणितं उतरवा आणि झालं की हात वर करा.’ एका दमात चार कामं झाली. तो तारखेपाशीच अडकतो, पुढचं त्याच्या हातून निसटतं. म्हणून त्याला पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून लांब बसव. जवळ जा, नाव घे, नजर मिळाली की एकच काम सांग. काय करायचं ते त्याच्याच तोंडून वदवून घे. फळ्यावर क्रमाने लिही. सर कोसळत असेल तेव्हा नवा धडा काढू नकोस. लिहिण्याचं, चित्रांचं काम दे. झालेल्या कामाची शाबासकी तिथल्या तिथे दे.

निदान मात्र तू करू नकोस. बारा वर्षांच्या आधीपासूनची लक्षणं, किमान सहा महिने, घरी आणि शाळेतही, असं सगळं पाहून डॉक्टर ठरवतात. तू रोजची नोंद ठेव: कधी ऐकलं, कधी नाही, तेव्हा गलका किती होता, सर्दी होती का. डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होईल.

त्याच्या आईवडिलांना एकदा शांतपणे बसवून सांग की पोर उद्धट नाही, त्याला मदत हवी आहे. तू बाईंच्या अधिकाराने सांगितलंस तर ते मानतील, आणि त्याचा रोजचा मार थांबेल. हे काम याच आठवड्यात कर.

तुझी,
आत्या