दोन बाय दोनची लादी आणि दोन इंचांची पट्टी

सिव्हिलवाल्यांनी आधीच हसून घ्यावे. मी मेकॅनिकलची, त्यात कॉन्व्हेंटमधली. 'ओळंबा' आणि 'गुण्या' हे शब्द मला वयाच्या विसाव्या वर्षी एका मिस्त्रीकाकांनी शिकवले. पण घरातली फरशी बदलायचे काम बाबांनी सुट्टीत माझ्यावर सोपवले होते, आणि त्यातून जे कळले ते हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला कधी ना कधी लागणारच आहे.

आमच्याकडे घाई आजीसाठी होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन चालते. जुन्या मोझॅकच्या लाद्या काही ठिकाणी खचल्या होत्या आणि वॉकरचा पाय नेमका तिथेच अडकायचा. एक लादी दुसरीपेक्षा दोन मिलिमीटर वर असली तर आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही, पण तिला लागतो.

आधी थोडे मटेरियलबद्दल. शहाबादी (कर्नाटकातली) आणि कोटा (राजस्थानातली) हे खाणीतले दगड. प्रत्येक फरशीची जाडी थोडी वेगळी, म्हणून खाली मालाचा जाड थर देऊन ती एकेक ठोकून पातळीत आणतात. विट्रिफाइड टाइल कारखान्यात दाबून, 1200 अंशांच्या आसपास भाजलेली असते. ती वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. म्हणून डाग पडत नाहीत हे खरे, पण त्याच कारणाने साध्या सिमेंटच्या स्लरीला ती नीट धरत नाही. सिमेंट शिरायला छिद्रच नाही ना! म्हणून तिच्यासाठी पॉलिमर असलेला टाइल अॅडहेसिव्ह वापरतात. तो दातेरी थापीने सगळीकडे पसरायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबली तर मध्ये पोकळी राहते आणि पुढे एखादी जड वस्तू पडली की टाइल तिथेच फुटते.

आता मिस्त्री. आमच्याकडे दोघे आले. पहिला दारातूनच म्हणाला, "दहा बाय बाराची खोली, 120 फूट. दोन बाय दोनच्या 30 लाद्या, दहा टक्के तूट, 33. नऊ बॉक्स आणा." दर कमी होता आणि हिशोब तोंडपाठ. दुसऱ्या काकांनी टेप काढला, दोन्ही कर्ण मोजले (सारखे आले तरच खोली काटकोनात, हे आपल्याला आठवीत होते!) आणि म्हणाले, "ताई, 11 बॉक्स लागतील." बाबांना फोनवर वाटले, हा माणूस दुकानदाराला सामील दिसतोय.

मी वही घेऊन बसले. 'दोन बाय दोन' म्हणतात ती टाइल असते 600 मिमीची, आणि दोन फूट म्हणजे 610. जोडात 2 मिमी धरले तर एका टाइलला 602. बारा फूट म्हणजे 3658 मिमी. त्यात सहा टाइल्स बसतात आणि उरतात 46 मिमी. दहा फुटांच्या बाजूला पाच बसून 38 उरतात. म्हणजे भिंतीलगत दोन इंचांपेक्षाही बारीक पट्टी. ती कापताना तुटते, बसवली तरी लवकर सुटते आणि दिसतेही वाईट. काकांची पद्धत अशी की एक पूर्ण टाइल कमी करायची आणि उरलेली जागा दोन्ही भिंतींकडे सारखी वाटायची. मग दोन्हीकडे सव्वातीनशे मिमीच्या आसपास, म्हणजे अर्ध्यापेक्षा मोठे तुकडे येतात. पण एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणून सात गुणिले सहा, 42 टाइल्स. बॉक्समध्ये चार, म्हणून 11 बॉक्स. कापून उरलेल्या पावणेतीनशे मिमीच्या तुकड्यातून चार इंची स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या निघतात. म्हणजे स्कर्टिंगसाठी वेगळी टाइल नको. हे सगळे काकांनी कागद न घेता केले होते! वही बघून बाबा गप्प झाले आणि काम काकांना मिळाले.

"जोड दिसायला नको, एकदम चिकटवून लावा" असा हट्ट आईचा होता, शेजारच्यांचाही असतो. चिकटवू नका. तापमान 20 अंशांनी वाढले तर बारा फुटांची टाइलची रांग साधारण अर्धा मिलिमीटर लांबते. जागा नसेल तर टाइल्स एकमेकींना रेटतात आणि एखाद्या दुपारी मधली रांग तंबूसारखी उचलली जाते. स्पेसर घालून 2 मिमी सोडायचे आणि नंतर ग्राउट भरायचे. आईला ग्राउटचा रंग टाइलशी जुळवून दिला, मग ती मानली.

बोलणी करताना दर चौरस फुटावर आहे की रनिंग फुटावर, स्कर्टिंग त्यात धरलेय का, जुनी फरशी फोडून राडारोडा कोण उचलणार, हे कागदावर लिहून घ्या. भांडणे नेहमी राडारोड्यावरूनच होतात. सगळे पैसे आधी देऊ नका. बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर सारखा आहे ना ते स्वतः बघा, आणि दोन-चार टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. तोच शेड पुढच्या वर्षी मिळेल याची खात्री नाही.

बाथरूमला मात्र चकचकीत टाइल नकोच, मॅट घ्या. उतार जाळीकडे, निदान शंभराला एक, म्हणजे पाच फुटांत पंधरा मिलिमीटर. शेवटचा हप्ता देण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक टाइल वाजवून पाहिली. भरीव ठिकाणी 'टक्' येतो, पोकळ ठिकाणी डबा वाजतो. दोन वाजल्या, काकांनी कुरकूर न करता उचलून परत बसवल्या. मग बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतले आणि दहा मिनिटांनी कुठे साचलेय का पाहिले. दाराशी थोडे होते. तेवढा कोपरा त्यांनी दुसऱ्या दिवशी नीट केला, मग पैसे दिले, आणि संध्याकाळी आजी वॉकर घेऊन स्वतः आत गेली.