चोहीकडे पाणी, तरी घागर रिकामी

जालन्याच्या माणसाला टँकर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. 2012-13 चा दुष्काळ आठवा. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. बायामाणसं हंडे रांगेत लावून वाट बघत बसायची. आज आम्ही एका टँकरचीच गोष्ट सांगणार आहोत. पण हा टँकर समुद्रातून गेला.

केरळच्या पलीकडे, हिंदी महासागरात मालदीव नावाचा देश आहे. त्यात सुमारे 1,200 बेटे आहेत. माणसांची वस्ती दोनशेहून कमी बेटांवर. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तर जेमतेम 300 चौरस किलोमीटर भरते. आपला जिल्हा त्याच्या पंचवीसपट मोठा! बहुतेक जमीन पुरुषभरसुद्धा उंच नाही. नदी नाही, डोंगर नाही. सगळीकडे पाणी, पण खारट. माले ही राजधानी. तिथे समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून नळाला सोडतात.

4 डिसेंबर 2014 रोजी त्या कारखान्यात आग लागली. लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. मालदीवच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी आपल्या हवाई दलाची विमाने पाणी घेऊन उतरली. मागोमाग नौदलाची जहाजे पोचली. 'दीपक' या जहाजात नऊशे-हजार टन पाणी होते. एक टन पाणी म्हणजे 1,000 लिटर. तेव्हा दहा हजार लिटरचे नव्वद-शंभर टँकर एका जहाजात मावले! चीन आणि श्रीलंकेनेही पाणी धाडले.

भारत हे का करतो? शेजारधर्म आहेच. पण आम्ही खरे ते सांगतो, स्वार्थही आहे. या बेटांजवळून मोठा जहाजमार्ग जातो. आपल्या मोटारीचे, पंपाचे तेल समुद्रातूनच येते. तिथे कुणा परक्याने ठाण मांडले तर आपल्याला जड जाईल.

आणि मदत घेणाऱ्यालाही मान असतो. भारताने मालदीवला हेलिकॉप्टरे आणि एक विमान दिले होते. लांबच्या बेटावरचा रोगी त्यातून दवाखान्यात नेत. ती चालवायला आपले काही सैनिक तिथे राहत. पुष्कळ लोकांना ते खटकले. 'परके सैन्य आमच्या अंगणात कशाला?' असे ते म्हणू लागले. तुमच्या बांधावर दुसऱ्याचा राखणदार कायमचा बसला, तर तुम्हाला चालेल का? 2023 मध्ये मोहम्मद मुइझ्झू हेच बोलून निवडून आले. मे 2024 पर्यंत आपले सैनिक परतले. त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले.

तरी व्यवहार तुटला नाही. जुलै 2025 मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याला साठ वर्षे झाली, तेव्हा आपले पंतप्रधान तिथे पाहुणे होते. 4,850 कोटी रुपयांच्या कर्जाची मर्यादा तेव्हा जाहीर झाली. हे दान नव्हे, बरं का. सोसायटी जशी पत ठरवते आणि आपण लागेल तशी उचल करतो, तसाच हा प्रकार. ते फेडायचे असते.

अशाच कर्जातून 28 बेटांवर पाण्याची आणि सांडपाण्याची सोय झाली. ऑगस्ट 2024 मध्ये ते काम मालदीवच्या हवाली केले.