बधिर हनुवटी : एक दुर्लक्षित लक्षण

दाढ काढताना इंजेक्शन दिले की खालचा ओठ जड होतो व काही तासांत पूर्ववत होतो, हा अनुभव पुष्कळांना असतो. परंतु इंजेक्शन नाही, मार नाही, दाढदुखीही नाही आणि तरी ओठाची एक बाजू व हनुवटी बधिर झाली, तर त्या तक्रारीचा अर्थ निराळा असू शकतो. ओठाला लावलेल्या पेल्याची कड तुटकी असल्याचा भास होतो. दाढी करताना एका बाजूस वस्तऱ्याचा स्पर्श कळत नाही. वेदना नसल्याने रुग्ण हे कोणाला सांगतही नाही.

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाचव्या जोडीची एक शाखा खालच्या जबड्याच्या हाडातील अरुंद नलिकेतून जाते आणि पुढील छिद्रातून बाहेर पडून ओठ व हनुवटीच्या त्वचेत पसरते. तिचे हे टोक केवळ स्पर्शज्ञान वाहते. म्हणून तोंड वाकडे होत नाही. शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग जबड्याच्या हाडात, कवटीच्या तळाशी किंवा मेंदूच्या आवरणात पोचला, की हा मज्जातंतू दाबला जातो. स्तनाचा व लसिका ग्रंथींचा कर्करोग यांत हे अधिक आढळते. स्कॉटिश शल्यवैद्य चार्ल्स बेल यांनी १८३० मध्येच स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाबाबत ओठाची अशी बधिरता नोंदविली होती. तंबाखू चघळणाऱ्यांत हिरडीचा कर्करोग थेट हाड पोखरूनही त्या नलिकेपर्यंत पोचतो.

अर्थात बधिर हनुवटी म्हणजे कर्करोगच, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. दाताच्या मुळाशी झालेला पू, अवघड दाढ काढणे, जबड्याचा अस्थिभंग ही कारणे नेहमीची आहेत. (चेहऱ्याबरोबर हातपाय एकाएकी लुळे पडले, तर तो पक्षाघात असू शकतो, तेथे तासाचाही विलंब नको.) रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातो आणि काही वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झाल्याचे सांगत नाही, कारण त्याचा दातांशी संबंध तिला दिसत नाही. खरी अडचण येथेच आहे. जबड्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी कवटीच्या तळाची व मेंदूच्या आवरणाची तपासणी एम. आर. आय. द्वारे करावी लागते. कधी पाठीच्या कण्यातील द्रवही तपासतात.

उपचार मूळ रोगावर होतात. औषधे वा किरणोपचारांनी काहींची संवेदना परतते. मात्र रोग वाढत असतानाही ती परतू शकते, म्हणून बधिरता गेली तरी तपासण्या थांबवीत नाहीत.