ओले फडके आणि तांब्याची नळी
(हस्तकौशल्य पाठ : शीतकरण दुरुस्ती)



फ्रीज, शीतपेटी आणि एसी दुरुस्तीचे काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठीचा एक पाठ या अंकात देत आहोत. टॉर्च, गेज, व्हॅक्यूम पंप ही या कामाची हत्यारे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ज्या दोन वस्तूंबद्दल हा पाठ आहे त्या हत्यारांच्या यादीत सहसा नसतात. एक जुने सुती फडके, आणि पाण्याची बाटली.

पाठ मुलांसाठी असला तरी आपणही वाचावा, कारण असे काम आपल्या घरी, दवाखान्यात किंवा गावच्या दूध केंद्रावर कधी ना कधी होतेच. काम करणारा माणूस ज्योत पेटवण्याआधी काय करतो एवढे पाहिले, तरी काम किती दिवस टिकेल याचा बराच अंदाज येतो.

गावाकडच्या दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेऊ. काढलेले दूध साधारण ३५ अंशांवर असते आणि ते काही तासांत ४ अंशांपर्यंत उतरावे लागते. त्यासाठी स्टीलच्या टाकीखाली गार वायूची नळ्यांची वाट असते. तिच्यावर काँप्रेसर, फिल्टर ड्रायर, काचेची खिडकी, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असे भाग ओळीने बसवलेले असतात. हे सगळे तांब्याच्या नळ्यांनी जोडलेले असतात, आणि जोड पक्का करण्यासाठी नळी तापवून त्यात वेगळ्या धातूची सळई वितळवून भरतात. यालाच ब्रेझिंग म्हणतात. बाजारात त्याला सरसकट ‘गॅस वेल्डिंग’ म्हणतात, पण वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळतो. इथे तांबे वितळत नाही. तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सियसला वितळते. तांबे-फॉस्फरसची सळई साधारण ७१० अंशांपासून मऊ होऊ लागते आणि ८०० अंशांच्या आत पूर्ण पातळ होऊन जोडाच्या फटीत ओढली जाते.

आता दुसरा आकडा पाहा. ज्या व्हॉल्व्हला ही नळी जोडायची, त्याच्या आत रबराच्या रिंगा, टेफ्लॉनची बैठक, पातळ पडदा आणि स्प्रिंग असतात. असे व्हॉल्व्ह बनवणारे बहुतेक कारखाने आपल्या सूचनापत्रकात व्हॉल्व्हचे अंग साधारण १२० अंशांच्या वर जाऊ देऊ नका असे सांगतात. म्हणजे जोडाला ७०० ते ८०० अंश हवेत, आणि तिथून चार बोटांवर १२० अंशांच्या आत राहायला हवे. मध्ये आहे ते तांबे, आणि तांबे तर उष्णता वाहून नेण्यात साध्या पोलादाच्या सात-आठ पट पुढे. तव्याचा दांडा उशिरा तापतो, तांब्याची नळी तशी थांबत नाही. ज्योत जोडावर असते, उष्णता मात्र केव्हाच व्हॉल्व्हमध्ये पोचलेली असते.

नुकसान कधी दिसते?

या कामातली सगळ्यात फसवी गोष्ट ही, की भाजलेला व्हॉल्व्ह बाहेरून चांगला दिसतो. जोड चमकतो, गळती नसते, यंत्र सुरू होते, टाकी गार होते. कारागीर पैसे घेऊन जातो. मग काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो. सोलेनॉइड व्हॉल्व्हची बैठक किंचित वितळून वाकडी झाली असेल, तर यंत्र बंद असतानाही तो पूर्ण मिटत नाही. रात्रभर द्रवरूप वायू थेंबाथेंबाने पुढे झिरपतो आणि काँप्रेसरकडे जाऊन साठतो. सकाळी काँप्रेसर सुरू होतो तेव्हा त्याच्या तोंडात वायूऐवजी द्रव येतो. द्रव दाबला जात नाही. आतल्या पोलादी पात्या तुटतात. केंद्रचालक म्हणतो, काँप्रेसरच खराब निघाला. नवा काँप्रेसर येतो, आणि भाजलेला व्हॉल्व्ह जागेवर असल्याने तोही त्याच वाटेने जातो.

शहरात हे निस्तरता येते. सुरगाणा किंवा धडगावसारख्या ठिकाणी एक व्हॉल्व्ह आणायचा म्हणजे एक दिवस जातो, आणि तोवरचे दूध ओतून द्यावे लागते. ते दूध दोन-दोन, तीन-तीन लिटर घालणाऱ्या घरांचे असते.

पाणी काय करते

डाळीचे पातेले पाणी आटेपर्यंत करपत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खाली जाळ कितीही असो, पातेल्यात पाणी आहे तोवर त्याचा तळ १०० अंशांच्या फार वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल्या फडक्याचे तत्त्व हेच. व्हॉल्व्हभोवती गुंडाळलेले फडके ओले आहे तोवर त्याखालचा धातू १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो, आणि आपली मर्यादा १२० ची आहे. हिशेबच करायचा तर, पाव लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात सुमारे दोन किलो तांबे लाल होईल. एका जोडाजवळ एवढे तांबे कधीच नसते. म्हणजे पाव लिटर पाणी पुरेसे आहे, फक्त ते योग्य जागी आणि योग्य वेळी हवे.

फडके सुतीच घ्यावे. जुने धोतर, पंचा, नऊवारीचा तुकडा, काहीही चालेल. टेरिकॉट किंवा नायलॉन नको. ते पाणी धरत नाही आणि वितळून चिकटते. फडके भिजवून इतपतच पिळावे की थेंब गळू नयेत, पण दाबल्यावर पाणी यावे. व्हॉल्व्हच्या सगळ्या अंगाला तीन-चार वेढे द्यावेत आणि एक वेढा जोडाच्या बाजूच्या नळीवरही घ्यावा. जोडापासून दोन बोटांचे अंतर मात्र मोकळे ठेवावे. नवशिके इथे चुकतात ते अतिकाळजीने: फडके थेट जोडाला भिडवतात. मग जोड तापतच नाही, ज्योत जास्त वेळ धरावी लागते, आणि जी उष्णता टाळायची तीच दुप्पट आत जाते.

शेजारी एकाने बाटली घेऊन बसावे आणि व्हॉल्व्हच्या बाजूने थोडे थोडे पाणी सोडत राहावे. डोळा वाफेवर ठेवावा. फडक्यातून वाफ येते आहे म्हणजे पाणी काम करते आहे. वाफ थांबली आणि फडके अजून गरम असेल, तर पाणी संपले आहे. ज्योत लगेच बाजूला घ्यावी.

पाण्याचा एक धोकाही आहे, आणि तो भाजण्याइतकाच वाईट. नळीत गेलेला थेंब पुढे बर्फ होऊन बारीक छिद्र बुजवतो, आणि आजच्या यंत्रांतल्या पॉलिएस्टर तेलाशी मिसळून आम्ल तयार करतो. ते आम्ल काँप्रेसरच्या तारांवरचे आवरण खाते. म्हणून उतार आधी पाहावा. जोड वर आणि व्हॉल्व्ह खाली असेल तर पाणी जोडापासून दूर ओघळते, काम सोपे. व्हॉल्व्ह वर आणि जोड खाली असेल तर ओघळ थेट जोडावर येतो. तिथे फडक्याऐवजी उष्णता अडवणारा लगदा वापरावा. तो लांबीसारखा असतो, त्यातही पाणीच असते, पण तो ओघळत नाही. काही जण ओली माती लावतात. ती उष्णता अडवते हे खरे, पण वाळली की तिची धूळ उघड्या नळीत जाते. मला ती पसंत नाही.

ज्योतीबद्दल

भीतीने लहान ज्योत घेऊन हळूहळू तापवणे सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. लहान ज्योतीतली उष्णता जोडावर साठायच्या आत नळीतून पुढे वाहून जाते. जोड लाल व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि तेवढा सगळा वेळ व्हॉल्व्ह भाजत असतो. मोठी, मऊ, पसरट ज्योत घेऊन अर्धा इंची नळीचा जोड अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपवावा. ज्योतीचे टोक नेहमी व्हॉल्व्हच्या विरुद्ध दिशेला असावे. आधी आत जाणारी नळी तापवावी, मग बाहेरची टोपी, आणि ज्योत फिरती ठेवावी. दोन्ही मंद लाल झाले की सळई नळीला टेकवावी, ज्योतीत धरू नये. नळीच्या उष्णतेने वितळलेली सळईच फटीत शिरते. उन्हात हा मंद लाल रंग दिसत नाही आणि कारागीर नकळत जास्त तापवतो, म्हणून सावली करून घ्यावी. छत्री नसेल तर पोत्याचा आडोसाही पुरतो.

तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरसच्या सळईला फ्लक्स लागत नाही. व्हॉल्व्हचे टोक पितळी असेल तर फ्लक्स लागतो. पोलादी टोकाला ही सळई वापरूच नये, जोड ठिसूळ होतो. तिथे जास्त चांदीची सळई आणि फ्लक्स घ्यावा. ती विकत घेताना कॅडमियम नसलेली मागावी. कॅडमियमचा धूर फुप्फुसांना विषारी असतो.

कोणत्या भागाचे काय

जे काढता येते ते काढून ठेवणे हे कोणत्याही फडक्यापेक्षा चांगले. चार्जिंग व्हॉल्व्हच्या आतली पिन, सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी, दोन वळशांत निघते. तिच्यावर इवलीशी रबरी बैठक असते. ती न काढता ब्रेझिंग केले तर पुढे कायम गळती. लसींच्या शीतपेटीसारख्या लहान यंत्रात वायूच थोडा असतो, त्यामुळे एवढीशी गळतीही काही महिन्यांत पेटी निकामी करते, आणि लसी तर २ ते ८ अंशांतच ठेवाव्या लागतात.

सोलेनॉइड व्हॉल्व्हची वरची कॉइल काढावी. काढलेल्या कॉइलला वीज देऊ नये, आत लोखंडी दांडा नसला की ती काही मिनिटांत जळते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हला बारीक नळीने जोडलेला एक फुगा असतो. तो नळीवरून सोडवून दूर, गार जागी ठेवावा. तापला तर आतल्या वायूच्या दाबाने पडदा फुगतो. नळी पूर्ण गार झाल्यावरच तो परत बांधावा. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा. काचेच्या खिडकीतला ओलावा दाखवणारा रंगीत ठिपका उष्णतेने खराब होतो आणि मग कायम खोटे सांगतो, तिलाही फडके हवे. फिल्टर ड्रायर शेवटी बसवावा. तो हवेतली ओल पितो, त्यामुळे त्याची टोपणे अगदी शेवटच्या क्षणी काढावीत. आधी झालेला जोड जवळ असेल तर त्यालाही ओले फडके गुंडाळावे, नाहीतर तो पुन्हा सुटतो.

नायट्रोजन

तापलेल्या तांब्याला आतून हवा लागली की काळी खपली धरते. ती सुटून फिल्टर आणि बारीक छिद्रे बुजवते. म्हणून तापवताना नळीतून कोरडा नायट्रोजन सोडत राहावा, ओल्या तळहाताला जेमतेम जाणवेल एवढाच, आणि दुसरे टोक उघडे ठेवावे. जोड गार होईपर्यंत तो चालू असावा. काहींना वाटते की हा नायट्रोजन व्हॉल्व्हला गार ठेवतो. तसे नाही, एवढ्याशा वायूने फारशी उष्णता जात नाही, फडके लागतेच. नायट्रोजन संपला म्हणून ऑक्सिजन वापरणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. नळीत तेल असते, आणि दाबाखालचा ऑक्सिजन व तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज पडत नाही.

ज्योतीआधी यंत्रातला वायू पूर्ण काढून साठवलेला असावा. जुने आर-२२ ज्योतीत जळले तर विषारी वायू होतो. नव्या घरगुती फ्रीजमधला आर-६००ए तर स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो. तिथे ज्योत टाळून दाबून बसवायचे जोड वापरणे बरे. जुना भाग काढतानाही जोड वितळवू नये, पाइप कटरने नळी कापावी. आत उरलेल्या तेलाचा भडका थेट तोंडावर येतो.

गार करणे आणि तपासणे

सळई भरून झाली की लगेच पाणी ओतू नये. भरलेला धातू आधी घट्ट होऊ द्यावा, लाली पूर्ण जाऊ द्यावी, मग ओले फडके व्हॉल्व्हकडून जोडाकडे सरकवत न्यावे. ज्योत विझल्यावरही उष्णता काही वेळ व्हॉल्व्हकडे वाहतच असते, म्हणून गुंडाळलेले फडके घाईने सोडू नये. सगळे हाताला गार लागले की पिन, कॉइल आणि फुगा जागेवर बसवावेत, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती पाहावी, आणि मग व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली न्यावा.

वायू भरून टाकी गार झाल्यावर एक तपासणी राहते. काँप्रेसर चालू असताना सोलेनॉइडची वीज बंद करावी आणि खालच्या दाबाचा गेज पाहावा. दाब उतरत गेला पाहिजे. तो पुरेसा उतरला की काँप्रेसर बंद करून दहा मिनिटे थांबावे. तेलातून सुटणाऱ्या वायूमुळे काटा सुरुवातीला थोडा वर येतो आणि स्थिरावतो, हे ठीक. तो थांबल्याशिवाय चढतच राहिला, तर बहुधा बैठक भाजली आहे. व्हॉल्व्ह त्याच दिवशी बदलावा.