रोखा जाळणें आणि ऋण सोडणें

इ. स. 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. तें लोण लवकरच आपल्या नगर जिल्ह्यांत, पारनेर व श्रीगोंदें तालुक्यांत पोहोंचलें. जाच खरा होता. 1879 चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा त्यामुळेंच झाला. तथापि कागद जळाल्यानें ऋण फिटत नाहीं.

पापक्षमा म्हणजे असाच कागद जाळणें, देव डोळेझांक करील, असें पुष्कळांस वाटतें. मग त्याचा न्याय कोठें राहिला? धनको ऋण सोडतो तेव्हां तोटा नाहींसा होत नाहीं. तो त्याच्याच पदरीं पडतो. आपणांविरुद्धचा लेख वधस्तंभास खिळिला गेला, असें पौल कलस्सैकरांस कळवितो, तें ह्याच अर्थानें.

आतां मत्तयाचा 18 वा अध्याय पाहा. सोबत्याकडे येणें होतें शंभर दीनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. मजूर बंधूंनो, ही रक्कम लहान नव्हे! बांधावरून भावाशीं अबोला धरून आपण प्रभुभोजनास बसतों, तेव्हां आपलाही दावा कदाचित् खराच असतो. उपदेशकांनीं हा पाठ शिकवितांना त्या रकमेचा हिशेब आपल्या गांवच्या मजुरीनें करून दाखवावा.