डिमेन्शिया केअर होमचा खर्च: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

आईला किंवा वडिलांना डिमेन्शिया केअर होममध्ये ठेवायचं ठरलं की फोनवरचा पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याला किती?’ प्रश्न रास्त आहे, पण मिळणारं उत्तर बहुधा अर्धंच असतं. पुणे-मुंबई परिसरात धर्मादाय संस्थांकडे साधारण २० ते ३० हजार, खासगी ठिकाणी दोघा-तिघांच्या खोलीला ३५ ते ६० हजार आणि स्वतंत्र खोली हवी असेल तर त्याहून वर, असे आकडे ऐकू येतात. एवढी तफावत कशामुळे, हे क्वचितच कोणी उलगडून सांगतं. पुष्कळदा ती फरशी, बाग आणि फर्निचर यांची असते. डिमेन्शिया झालेल्या माणसाला या गोष्टींचा उपयोग बेताचाच. त्याला माणसं लागतात. पुरेशी, शिकवून तयार केलेली आणि सोडून न जाणारी माणसं.

म्हणून आधी माणसांचा हिशेब मांडू. समजा, एका घरात वीस रहिवासी आहेत. काही हिंडतेफिरते, काही अंथरुणाला खिळलेले. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. सकाळी आंघोळी, कपडे, नाश्ता, औषधं अशी एकच धांदल असते, तेव्हा पाच मावशी-मामा हवेत. दुपारपाळीला चार, रात्री तीन. म्हणजे रोज बारा जणांची हजेरी. आठवड्याची सुट्टी, आजारपण, गावची जत्रा धरली तर पटावर पंधरा जण हवेत. पगार १८ हजार धरला आणि मालकाचा पीएफ-ईएसआयचा वाटा त्यात मिळवला, तर माणशी साधारण २०,५०० रुपये होतात. पंधरा जणांचे झाले ३ लाख ७ हजार ५००. वीस रहिवाशांवर वाटले की प्रत्येकी १५,३७५. चोवीस तास एक सिस्टर हजर हवी, तर चौघी नेमाव्या लागतात. त्यांना २५ हजार दिले तर प्रत्येक रहिवाशामागे आणखी ५ हजार. एकूण २०,३७५ रुपये झाले, आणि यात अजून जेवण, धुणं, झाडलोट, जागेचं भाडं, वीज, डॉक्टरांच्या भेटी, व्यवस्थापक यांतलं काहीही आलेलं नाही.

हा हिशेब मनात ठेवून दरपत्रक वाचा. देणग्यांचा आधार नसलेलं घर ‘सगळं मिळून १८ हजार’ सांगत असेल, तर एक तर तिथे माणसं कमी आहेत, नाहीतर पगार कमी आहेत. माणसं कमी असली की रात्री एकाच मामाकडे पंधरा-वीस जण येतात. त्यात एक आजोबा उठून दाराशी जातात, दुसऱ्या आजी हाका मारत राहतात, तिसऱ्यांचे कपडे ओले झालेले असतात. अशा वेळी हात-पाय पलंगाला बांधणं किंवा झोपेचं औषध वाढवणं हाच सोपा मार्ग वाटू लागतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार शारीरिक बंधन वापरायचं तर धोका तातडीचा हवा, दुसरा उपाय नसायला हवा आणि जबाबदार मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी. नातेवाइकांची घाऊक संमती घेऊन रोज रात्री बांधून ठेवता येत नाही. प्रवेशाच्या कागदांत अशी संमती आधीच छापलेली दिसली तर ते घर सोडून द्या, दर कितीही परवडत असला तरी.

पगार कमी असले की माणसं टिकत नाहीत, आणि या आजारात त्याची किंमत रहिवासी मोजतो. संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला की अनेकांची घालमेल वाढते. ‘मला घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील,’ असं एखाद्या आजी म्हणू लागतात. रोजची मावशी अशा वेळी वाद घालत नाही. मुलांची नावं विचारते, चहा देते, दोन फेऱ्या मारून आणते. कालच कामाला लागलेली मुलगी म्हणते, ‘आजी, हेच तुमचं घर,’ आणि भांडण पेटतं. हे शहाणपण अनुभवातून येतं, आणि ते टिकवायचं की नाही हे चालवणाऱ्याच्या हाती असतं. त्यामुळे भेटीला गेलात की चालकांना थेट विचारा: दोन वर्षांहून जास्त काळ इथे असलेले कर्मचारी किती आहेत? त्यांना प्रशिक्षण कोण देतं, कधी? रात्रपाळीला नेमके किती जण असतात? तुम्ही स्वतः रात्री न सांगता येऊन जाता का? मन लावून घर चालवणाऱ्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट ते तुम्हालाच प्रश्न विचारतात: बाबा नोकरी काय करायचे, चहा किती गोड घेतात, देवपूजा करायचे का, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. प्रवेशाच्या वेळी कोणीच असं काही विचारलं नाही, तर रक्कम कितीही मोठी असो, तुम्हाला फक्त पलंग मिळतो आहे.

आता वरखर्च. डायपर बहुतेक ठिकाणी मासिक शुल्कात नसतात. दिवसाला तीन आणि एकाचे ३५ ते ५० रुपये धरले तर महिन्याला ३,१५० ते ४,५०० रुपये. औषधं, फिजिओथेरपी, रक्ततपासण्या, ॲम्ब्युलन्स, नाकातली नळी बसल्यावर वाढणारं शुश्रूषा-शुल्क हे सगळं वेगळं. इस्पितळात दाखल करावं लागलं तर तिथे सोबतीला माणूस लागतो आणि केअर होमचं शुल्कही बहुधा चालूच राहतं. ते पूर्ण द्यायचं की कमी, हे करारात लिहून घ्या. अनामत रक्कम किती, मृत्यूनंतर किंवा दुसरीकडे हलवल्यावर ती किती दिवसांत परत मिळेल, दरवाढ दरवर्षी किती टक्के, हेही तोंडी ठेवू नका.

दरवाढ किरकोळ समजू नका. निदानानंतर अल्झायमरचे रुग्ण सरासरी चार ते आठ वर्षं जगतात, काही त्याहून बरीच जास्त. आजचे ४० हजार दरवर्षी १० टक्क्यांनी वाढले तर पाचव्या वर्षी महिन्याला सुमारे ५८,५०० होतात आणि पाच वर्षांची बेरीज २९ लाखांच्या पुढे जाते. भावंडांनी कोण किती देणार हे पहिल्याच महिन्यात कागदावर आणावं. तिसऱ्या वर्षी सुरू होणारी भांडणं फार कडवट असतात.

सरकारी आणि विम्याचा आधार इथे तोकडा आहे. आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरील सर्वांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. केअर होमचं मासिक शुल्क त्यातून मिळत नाही. आयकराच्या जुन्या प्रणालीत उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळू शकते. १९६१ च्या कायद्यातलं ते कलम ८०डीडीबी. त्यातल्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया आहे, मात्र ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आणि मज्जाविकारतज्ज्ञांची चिठ्ठी हवी. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय वृद्धाश्रमाचं साठीपुढच्या रहिवाशाचं शुल्क, राहणं-जेवण धरून, महिना २५ हजारांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. बिलात लावलेला दिसला तर विचारा.

पैशांइतकीच निकड सहीची असते. मुखत्यारपत्र करून दिलेल्या माणसाची समज गेली की त्या मुखत्यारपत्राचा अंमल संपतो, हे अनेकांना बँकेत गेल्यावर कळतं. मग पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी न्यायालयात जावं लागतं, आणि तोवर आईच्याच ठेवी आईच्या उपचारांना मिळत नाहीत. निदान लवकर झालं असेल आणि त्यांना व्यवहार कळत असतील, तर त्यांच्या इच्छेने खाती संयुक्त करून घ्या, नामनिर्देशन तपासा, इच्छापत्रही तेव्हाच.

केअर होम हा एकच पर्याय नाही. घरी चोवीस तासांची बाई किंवा मामा ब्युरोमार्फत ठेवायला शहरांत साधारण २५ ते ३५ हजार पडतात, शिवाय त्यांचं जेवण. घरच्यांना योग्य मार्गदर्शन मिळालं तर ओझं खरोखर हलकं होतं. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित सल्लागार घरोघरी पाठवले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचं दिसलं. मात्र सांभाळणारी सून किंवा पत्नी रात्ररात्र जागून खचत चालली असेल, तर ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने निर्णय लांबवू नका. चांगल्या घरात ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे.

पाहणीला रविवारी सकाळी जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा-सातला जा, वेळ ठरवून एकदा आणि न कळवता एकदा. जेवण भरवताना बघा, घास संपायची वाट पाहतात का. स्वच्छतागृहात डोकवा. संस्थेकडे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, विचारा. पूर्ण अनामत भरण्याआधी आठ-पंधरा दिवसांचा तात्पुरता मुक्काम करून पाहता आला तर उत्तम. कुठे विचारावं हेच उमगत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७ आहे. तो निःशुल्क असून सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो.