पिंपातील वैरी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस घणसोली हे आगरी-कोळी लोकांचे जुने गाव आहे. भातशेती व मासेमारी हे तेथील पूर्वापार व्यवसाय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे गावाभोवती नवी मुंबई वसली व शेतांच्या जागी इमारती आल्या. अशा दाट वस्तीत एक क्षुल्लक जीव घराघराचा वैरी ठरू शकतो. तो म्हणजे डास.

डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. डास केवळ गटारातच होतात, असे पुष्कळांना वाटते. परंतु डेंग्यू पसरविणारा एडिस डास पिंपातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत. ती घासणेही अगत्याचे आहे. कारण कडेला चिकटलेली अंडी पाण्यावाचूनही कित्येक महिने टिकतात.

मात्र एकाच घराने हे करून भागत नाही. शेजारच्या गच्चीवरील फुटक्या डब्यातला डास कुंपण ओळखीत नाही. दहीहंडीच्या थरात खालचा एक गडी डळमळला, तर वरचा गोविंदा कोसळतो. गावाच्या आरोग्याचेही तसेच आहे. महानगरपालिका औषध फवारील. पण घरातले पिंप घरच्यांनीच उपडे केले पाहिजे.